गावात आलेल्या धान्याचा हिशोब कसा लावायचा: कंट्रोल, शाळा आणि अंगणवाडी

ग्रामसभेत कंट्रोलचा, म्हणजे रेशन दुकानाचा, विषय निघाला की कोणीतरी उठून म्हणतो, 'दुकानदार माल खातो.' दहा जण माना डोलावतात आणि ठराव लिहिला जातो: 'स्वस्त धान्य दुकानाची चौकशी व्हावी.' महिन्याभरानं पुरवठा निरीक्षक येतो, दुकानातली वही चाळतो, चार सह्या घेतो आणि 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असा अहवाल जातो. निरीक्षकाला शिव्या घालणं सोपं आहे. पण ठरावात किती किलो, कोणता महिना, कोणती कार्डं यातलं काहीच नसेल तर तो तरी तपासणार काय?

हिशोबाला आकडे चार लागतात. सरकारनं किती मंजूर केलं, गावात किती उतरलं, दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवर किंवा वहीत किती वाटल्याचं दिसतं, आणि घरात किंवा ताटात किती पोचलं. चारही एकाच महिन्याचे हवेत. ज्या दोन आकड्यांमध्ये फट निघेल तिथं माल गळतो, आणि ती फट दरवेळी दुकानदाराचीच असते असं नाही. खालची पद्धत एका गावासाठी, एका महिन्यापुरती आहे. पहिल्याच फेरीत सहा महिन्यांचा हिशोब काढायला जाऊ नका, अर्ध्यात सुटतो.

१. तयारी: माणसं, काटा, वेळ

पाच जण पुरतात. रेशनवर लक्ष ठेवणाऱ्या दक्षता समितीचा एक सदस्य, शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक, बचत गटातल्या दोघी, आणि आकडेमोड नीट करणारं एखादं बारावी झालेलं पोरगं. दुकानदाराचा सोयरा नको, त्याचा वैरीही नको. पुढची पंचायत लढवणारा तर अजिबात नको, कारण मग सगळी तपासणी प्रचार ठरते.

दक्षता समिती बहुतेक गावांत कागदावरच असते, सदस्यालाच आपण सदस्य असल्याचं माहीत नसतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत समितीच्या सदस्यांची यादी मागा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मधली तीन कलमं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: २७ (नोंदी लोकांना पाहायला खुल्या), २८ (सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांसमोर होणारी तपासणी), २९ (दक्षता समित्या). 'तुम्ही कोण विचारणारे' याला एवढं उत्तर पुरतं.

सामान फार नाही. शिवलेली जाड वही घ्या, सुटे कागद नकोत. फोटो काढायला फोन, आणि ५० किलोपर्यंतचा लटकता काटा. काटा आधी तपासा: मिठाच्या एक-एक किलोच्या दहा सीलबंद पुड्या पिशवीत टाकून टांगा. दहा किलोवर शंभर ग्रॅमपेक्षा जास्त फरक दाखवला तर तो काटा वापरू नका. ही तपासणी दुकानदारासमोर आणि दोन गावकऱ्यांसमोर करा, नाहीतर पुढं सगळी भांडणं काट्यावरच होतात.

वेळ निवडताना शेतीचं बघा. सोयाबीनची सोंगणी आणि कापूस वेचणी सुरू असताना दिवसा घरी कोणी सापडत नाही. गडचिरोली, गोंदियाकडे मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात माणसं पहाटेच जंगलात जातात. त्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर फिरा. मजुरीचा दिवस पाडून कोणी तुमच्या प्रश्नांना उत्तरं देणार नाही.

२. मंजूर किती, ते आधी काढा

इथं लोक कार्डं आणि माणसं यांची गल्लत करतात. अंत्योदयला (सगळ्यांत गरीब घरांचं कार्ड) कार्डामागे ३५ किलो, घरात दोन माणसं असोत की नऊ. प्राधान्य कुटुंबाला माणसामागे ५ किलो. समजा दुकानाला अंत्योदयची ३४ कार्डं आणि प्राधान्याची १८० कार्डं आहेत, प्राधान्याच्या कार्डांवर मिळून ७४२ माणसं आहेत. मग:

अंत्योदय: ३४ × ३५ = १,१९० किलो
प्राधान्य: ७४२ × ५ = ३,७१० किलो
एकूण: ४,९०० किलो, म्हणजे ४९ क्विंटल, ५० किलोचे ९८ कट्टे

आधी एकूण किलो जुळवा, मग धान्यनिहाय बघा. गहू आणि तांदळाचं प्रमाण सरकार बदलत असतं, कधी सोबत ज्वारीही येते. 'गहू कमी दिला' ही तक्रार करण्याआधी त्या महिन्याचं प्रमाण दुकानाच्या फलकावर किंवा तहसीलच्या नियतनात (मंजूर कोट्याच्या कागदात) पाहून घ्या. धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, त्यामुळे हमाली, गाडीभाडं, 'मशीनचा खर्च' या नावानं घेतलेला प्रत्येक रुपया तक्रारीचा विषय आहे. दहा रुपये का असेनात.

प्रत्येक कार्डाचा बारा आकडी क्रमांक असतो. महा-ईपॉसच्या (रेशनच्या मशीनची नोंद दाखवणाऱ्या सरकारी) संकेतस्थळावर तो टाकला की त्या कार्डाला किती हक्क आहे आणि कोणत्या तारखेला किती उचल झाली ते दिसतं. 'मेरा राशन' ॲपवर कार्डावरची नावं बघता येतात.

तपासून घ्या: कार्डावर सहा नावं आणि हक्क २० किलोचा दिसत असेल तर ती दुकानदाराची चोरी नाही. दोन नावं वगळली गेली आहेत, बहुतेक वेळा ई-केवायसी न झाल्यामुळे. हे काम तहसीलचं, त्याचा अर्ज वेगळा करायचा.

३. गाडी उतरते त्या दिवशी हजर राहा

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष इथं होतं. द्वारपोच योजनेत धान्य शासकीय गोदामातून थेट दुकानाच्या दारात यायला हवं, पूर्ण वजनानं. प्रत्यक्षात गाडी रात्री येते, हमाल घाईत असतात, दुकानदार कट्टे मोजतो आणि वजन न करता पावतीवर सही ठोकतो. मग वरून कमी आलेलं तो खाली वाटताना भरून काढतो. 'वरूनच कट्टा दोन किलो कमी येतो' हे दुकानदाराचं म्हणणं नेहमी बहाणा नसतं. पण सही करताना ते लिहिलं नसेल तर त्याला किंमत शून्य.

करायचं एवढंच:

गाडी कधी येणार ते दुकानदाराकडून आदल्या दिवशी विचारून ठेवा. उतरलेल्या कट्ट्यांतले कोणतेही पाच तुम्ही निवडा, हमालाला निवडू देऊ नका. एक रिकामं बारदान वेगळं तोला आणि प्रत्येक कट्ट्यातून तेवढं वजा करा. तागाच्या बारदानाचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरतं, प्लॅस्टिकचं त्याहून बरंच कमी. हे वजा न केलं तर तुमचा सगळा हिशोब ९८ कट्ट्यांवर पन्नासेक किलोनं चुकतो. पाचांपैकी दोन कट्टे कमी भरले तर सगळे तोलायला लावा आणि कमी आलेलं वजन पोचपावतीवर लिहूनच सही करायला सांगा. पावतीचा आणि गाडीच्या नंबरचा फोटो घ्या.

इथं दुकानदार तुमच्या बाजूनं उभा राहतो. राहू द्या.

४. दुकानातली शिल्लक जुळते का

सूत्र साधं आहे: मागची शिल्लक + या महिन्याची आवक − आजवरची विक्री = आजची शिल्लक. वरच्याच गावात मागची शिल्लक ३२० किलो होती, म्हणून या महिन्यात ४,५८० किलो आले. वीस तारखेपर्यंत मशीनवर ३,६५० किलो विक्री दिसते. दुकानात १,२५० किलो असायला हवेत, म्हणजे २५ कट्टे. भिंतीला रचलेले १९ कट्टे दिसले तर ३०० किलोचा जाब विचारायला जागा आहे.

सावध: दुकानाचं किंवा गोदामाचं कुलूप तोडणं, आत घुसून मोजणं, स्वतःच 'पंचनामा' लिहिणं यातलं काहीही करू नका. पंचनामा पुरवठा निरीक्षक, तलाठी किंवा नायब तहसीलदार करतात. दक्षता समितीनं त्यांना बोलवायचं आणि पंच म्हणून सह्या करायच्या. उत्साहाच्या भरात उलटा गुन्हा तुमच्यावरच दाखल होतो.

विक्री हक्कापेक्षा कमी-जास्त दिसली म्हणून लगेच बोट दाखवू नका. एक देश एक रेशनकार्डमुळे वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब तिथल्या दुकानातून उचलतं आणि बाहेरगावचा मजूर तुमच्या गावातून. पावसाळ्याआधी कधी कधी पुढच्या महिन्यांचं धान्य आगाऊ वाटतात. २०२५ मध्ये जून ते ऑगस्टचं असंच एकत्र वाटलं. ते लक्षात न घेता जुलैची विक्री बघितली तर दुकान बंद होतं असं वाटेल.

५. घरोघरी: इथं घाई नको

सगळ्या घरी जायची गरज नाही. कार्डांच्या यादीतलं दर दहावं कार्ड घ्या. २१४ कार्डांत २१ घरं होतात. अंत्योदयची निदान दहा घरं त्यात आली नाहीत तर वेगळी जोडा, कारण ३५ किलोतून पाच किलो काढले तरी त्या घरातली म्हातारी बोलत नाही. यादीच्या बाहेर 'माझ्याकडं पण या' म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐका, पण वेगळ्या पानावर लिहा. दोन्ही मिसळले की निरीक्षक म्हणतो, तुम्ही नाराज लोकच गोळा केले.

प्रश्न कसा विचारता यावर उत्तर ठरतं. 'दुकानदार माल कमी देतो का?' असं विचारलं तर अर्धे घाबरून नाही म्हणतात आणि उरलेले जुना राग काढतात. असं विचारा:

'काकू, या महिन्याचं कंट्रोल आणलं का? कोणत्या वारी?'
'थम कितीदा लावला?'
'पावती दिली का? दाखवता का?'
'कशात आणलं? तो कट्टा अजून हाय का घरी?'

दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. एकाच दिवशी दोनदा थम (मशीनवर अंगठा) घेऊन धान्य एकदाच द्यायचं, ही जुनी युक्ती. संकेतस्थळावर त्या कार्डापुढं दोन उचली दिसतात आणि बाईला एकच आठवते.

पावतीचा फोटो त्याच वेळी काढा. मशीनची पावती उष्णतेनं छापणाऱ्या कागदावर असते, विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात खुंटीला टोचलेली पावती काही आठवड्यांत पांढरीफटक होते. हळदीच्या डब्यात ठेवलेली तर वाचताच येत नाही. ज्या घरी पावती नाही तिथं तसं लिहा, अंदाजे आकडा लिहू नका.

धान्य अजून वापरात आलं नसेल तर तोला. पाच माणसांच्या घरी पावतीवर २५ किलो आणि काट्यावर २३.४ किलो भरलं, तर वहीत तीनच गोष्टी: पावतीचं वजन, प्रत्यक्ष वजन, तारीख. 'दीड किलो चोरलं' असं लिहू नका. वापर सुरू झालेल्या घरचं वजन घेण्यात अर्थ नाही.

थम न उठणारे म्हातारे आणि मजूर वेगळे नोंदवा. कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजतात. आधार जुळलं नाही एवढ्या कारणावरून धान्य नाकारू नये, असे केंद्राचे २०१७ चे निर्देश आहेत. दुकानदाराला दुसरा मार्ग वापरावा लागतो आणि नोंद करावी लागते. 'उद्या या' असं तीनदा सांगून महिना संपवणं म्हणजे नाकारणंच.

६. केशरी कार्डाचे शेतकरी: यांचा हिशोब पासबुकात

विदर्भातल्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना पूर्वी स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ पासून त्याऐवजी खात्यात पैसे येतात. सुरुवातीला माणसी महिन्याला १५० रुपये होते, २०२४ मध्ये १७० झाले. पाच माणसांच्या घराला महिन्याचे ८५० रुपये. हे लोक कंट्रोलवर भांडतात आणि दुकानदाराकडं सांगण्यासारखं काहीच नसतं. घरातल्या ज्या बाईच्या नावावर नोंद आहे तिचं पासबुक भरून आणा. पैसे अनेकदा दोन-तीन महिन्यांचे एकत्र पडतात, म्हणून एका महिन्याची रिकामी ओळ बघून तक्रार करू नका. खातं आधारशी जोडलेलं नसणं हे नेहमीचं कारण.

७. शाळेतला पोषण आहार

प्रमाण पाठ करून जा. विद्यार्थ्यामागे दिवसाला:

पहिली ते पाचवी: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम
सहावी ते आठवी: तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल ७.५ ग्रॅम

हे सगळं कच्च्या मालाचं वजन आहे. शिजलेला भात तोलून 'जास्तच आहे की' म्हणणारे पालक प्रत्येक गावात असतात.

न सांगता जा, पण जेवणाच्या अर्धा तास आधी आणि मुख्याध्यापकांना भेटूनच. वर्गावर्गातली डोकी मोजा. समजा खालच्या वर्गांत ६१ आणि वरच्या वर्गांत ३८ पोरं हजर आहेत. तांदूळ ६.१ + ५.७ = ११.८ किलो, डाळ २.३६ किलो, भाजी ५.९ किलो, तेल ५९० ग्रॅम लागायला हवं. आता त्या दिवसाची नोंद बघा: हजेरीपट, आहाराची वही आणि एमडीएम (मध्यान्ह भोजन) पोर्टलवर भरलेली संख्या. तिन्हीकडं ९९ हवेत. हजेरीत ९९ आणि आहारात १२० असेल तर २१ ताटं कागदावर जेवली.

स्वयंपाकी बाई सहसा काटा वापरत नाहीत. डालड्याचा जुना डबा असतो, 'आठ डबे तांदूळ' हा हिशोब. एक डबा शीग लावून भरा, तोला, मग डबे मोजा. डबा १.२ किलोचा निघाला तर आठ डबे म्हणजे ९.६ किलो. ११.८ हवे होते. बाईवर ओरडू नका: तिला कोठीतून जेवढं काढून दिलं जातं तेवढंच ती शिजवते.

कोठीत बघायचं ते थोडंच. कट्टे जमिनीवर ठेवलेत की फळीवर, मालाच्या पोचपावतीवर वजन करून घेतल्याची नोंद आहे का, आणि चव नोंदवहीत (जेवण आधी चाखून सही करायची वही) आजची सही आज झालीय की महिन्याभराच्या सह्या एकाच पेनानं एकाच दिवशी. शेवटचं ओळखायला डोळा लागत नाही. इंधन आणि भाजीपाल्याचा पैसा शाळेच्या खात्यात येतो, त्याचा खर्च पालकांच्या बैठकीत वाचून मागा.

आहार शिजलाच नाही असे दिवस असतील तर २०१५ चे मध्यान्ह भोजन नियम कामाला येतात. धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यानं जेवण बुडालं तर मुलांना तेवढं धान्य आणि शिजवण्याचा खर्च भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा लागतो. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस बुडालं तर जबाबदारी निश्चित करावी लागते. म्हणून बुडालेल्या दिवसांच्या तारखा वहीत हव्यात, 'बरेचदा शिजत नाही' हे वाक्य नको.

८. अंगणवाडी

तीन गट वेगळे धरा: सहा महिने ते तीन वर्षांची लेकरं, गरोदर आणि स्तनदा माता (यांना घरी न्यायचा आहार), आणि तीन ते सहा वर्षांची मुलं (यांना तिथं बसून गरम जेवण). घरी न्यायच्या पाकिटांची मुदत, वाटपवहीतली सही आणि आईचं सांगणं एवढं जुळवलं तरी पुष्कळ. माहेरी बाळंतपणाला गेलेल्या बाईची सही त्या महिन्यात असेल तर तिथं थांबा.

मेळघाट, गडचिरोली आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत अमृत आहार योजनेचा (गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण) हिशोब वेगळा असतो. त्याची आहार समिती गावातच आहे, खात्याचं पासबुक तिच्याकडं मागा.

९. तक्रार लिहिताना

एका अर्जात एकच विषय. कंट्रोल, शाळा आणि अंगणवाडी एका पानावर कोंबलं की अर्ज तीन कार्यालयांत फिरतो आणि कुठंच बसत नाही. कंट्रोलसाठी तहसीलदार (पुरवठा शाखा) आणि प्रत जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना. शाळेसाठी गटशिक्षणाधिकारी, अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकारी. मजकूर असा कोरडा ठेवा:

'दि. ___ ते ___ या काळात यादीतील दर दहाव्या कार्डाप्रमाणे २१ घरांत पाहणी केली. १७ घरांत पावती मिळाली. पैकी ११ घरांत धान्य न वापरलेले होते, ते तोलले. ९ घरांत पावतीपेक्षा ०.८ ते १.६ किलो कमी भरले. तक्ता व फोटो सोबत. काट्याची तपासणी दुकानदारासमोर केली. दुकानातील साठ्याचा पंचनामा व वजनकाट्याची तपासणी व्हावी.'

आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. रेशनच्या तक्रारीसाठी '१९६७' वर फोन केला तर तक्रार क्रमांक लिहून घ्या, तो नसेल तर तो फोन झालाच नाही असं समजा.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराआधी एक सोपी वाट आहे. जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात, तसा राज्याचा २०१८ चा निर्णय आहे. पुष्कळ कार्यालयांना तो आठवून द्यावा लागतो. तिथं नेमका कोणता कागद हवा ते बघून घ्या आणि मग अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत लागतो. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. मागायचं असं: 'रास्त भाव दुकान क्र. ___, महिना ___: मंजूर नियतन, गोदामातून झालेली उचल, पोचपावतीची प्रत, महिनाअखेरची शिल्लक, गेल्या वर्षभरातील तपासणी अहवालांच्या प्रती.' लाभार्थ्यांचे आधार, थमचे तपशील मागू नका. त्या एका ओळीमुळं अख्खा अर्ज वैयक्तिक माहितीच्या नावाखाली नाकारला जातो. 'दुकानदारावर कारवाई का केली नाही?' हेही मागू नका, तो प्रश्न झाला, माहिती नव्हे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यानंतरच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

तहसीलला दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यावर राज्य अन्न आयोग. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तिथं शिक्का असलेली जुनी प्रत घेऊनच जायचं.

१०. ग्रामसभेत मांडताना

मुख्य ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला ग्रामसभेत तक्ता वाचून दाखवा. कंट्रोलच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या त्याच, चूक असेल तर तिथंच पकडली जाते. मग २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सभेत दुकानदाराला आणि मुख्याध्यापकांना आठ दिवस आधी लेखी कळवून बोलवा. घरांची नावं वाचू नका, फक्त आकडे. दुकानदाराचं म्हणणं इतिवृत्तात त्याच्याच शब्दांत लिहायला लावा, आणि ग्रामसेवकानं इतिवृत्ताचं पान बंद करण्याआधी त्याचा फोटो घ्या. नंतर टाकलेल्या ओळी तिथंच सापडतात.

दोन महिन्यांनी त्याच २१ घरी परत जा. नवी घरं घेतलीत तर फरक पडला की नाही ते कळत नाही. काटा तोच न्या, आणि निघण्याआधी मिठाच्या दहा पुड्या पुन्हा टांगून बघा.